निविदा कोण 'काढतं'?

विचारणा थोडक्यात अशी आहे: "'राफेलची निविदा रद्द करून राफेलचाच करार केला' असं एका चर्चेत ऐकलं. हे कसं शक्य आहे? निविदा हा शब्द मूळ संस्कृत की सरकारी कारखान्यात घडवलेला? आणि त्याचं अनेकवचन काय?"

निविदा म्हणजे टेंडर आणि करार म्हणजे काँट्रॅक्ट. एवढं कुठल्याही कोशात मिळेल, त्यात वेळ घालवत नाही. आणि तुम्ही ऐकलेलं वाक्य विचित्र वाटलं तरी बरोबर आहे. माझं डोकं उठतं ते दुसऱ्या एका वाक्याने. ते लढाऊ विमानांचा विषय निघाला की हमखास कानावर पडतं: 'सरकारने ३६ राफेलसाठी निविदा काढली.' एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत, एक भाषेची आणि एक इतिहासाची.

आधी भाषेची. निविदा सरकार काढत नाही. सरकार काढतं ती निविदा सूचना. निविदा देतो तो विकणारा. म्हणूनच निविदा 'मागवतात', 'भरतात', 'उघडतात'. मोहोरबंद पाकिटात असते ती कंपनीची निविदा, खात्याची नव्हे. 'काढली' म्हणायची सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की आता देणारा कोण आणि मागणारा कोण हेच लोक विसरलेत, आणि विमानखरेदीच्या वादात नेमकं तेच विसरून चालत नाही.

आता शब्दाकडे, कारण मला खरं बोलायचंय ते यावर. 'घडवलेला सरकारी शब्द' म्हणून निविदेला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ऐतरेय ब्राह्मण हा ऋग्वेदाच्या परंपरेतला यज्ञविधींचा ग्रंथ उघडून पाहावा. सोमयागात 'होता' (ऋचा म्हणणारा ऋत्विज) जी 'शस्त्रं' (स्तुतिपाठ, हत्यारं नव्हेत) म्हणतो, त्यांत मध्येच छोटी छोटी गद्य वाक्यं घालतात. त्यांना 'निविद्' म्हणतात. त्यांत ज्या देवतेला बोलवायचं तिची बिरुदं एकामागून एक येतात: 'अग्निर्देवेद्धः, अग्निर्मन्विद्धः', म्हणजे देवांनी पेटवलेला अग्नी, मनूने पेटवलेला अग्नी, आणि अशीच पुढे यादी. ऐतरेयकार नावाची कथाही सांगतो. यज्ञ देवांपासून निघून गेला. देवांनी त्याला शोधून काढलं आणि निविदांनी 'न्यवेदयन्', जाहीर केलं. म्हणून त्या निविद्.

इथे 'विद्' जाणणे की 'विद्' मिळवणे यावर पंडित भांडतात. ऐतरेयकाराने दोन्ही धातू एकाच वाक्यात वापरून मोकळं होणं पसंत केलं. मीही त्याच्याच बाजूला.

निविद् हा शब्द स्त्रीलिंगी. संपद्चं संपदा झालं, आपद्चं आपदा, विपद्चं विपदा. त्याच चालीवर निविद्चं निविदा. 'निवेदन'वरून कुणा कारकुनाने ओढूनताणून काढलेला शब्द आहे, हे मत मला म्हणूनच पटत नाही. निवेदनावरून काढायचाच असता तर तो 'निवेदिका' नाही तर 'निवेदपत्र' असा काहीतरी ओबडधोबड झाला असता. ज्याने निविदा हे रूप निवडलं त्याच्या कानात संपदा-आपदा घुमत होत्या, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

याच घराण्यातला आणखी एक शब्द रोज आपल्या तोंडी असतो: नैवेद्य. निवेदन करायचं ते निवेद्य, तेच नैवेद्य. आता मराठीत नैवेद्य 'देत' नाहीत, 'दाखवतात'. विमान विकणाऱ्यांच्या निविदेलाही हेच क्रियापद शोभतं. नुसता दर दाखवून त्यांचं भागत नाही. तंत्रज्ञान देऊ, इथे कारखाना काढू, कराराच्या किमतीच्या अमुक टक्के कामं तुमच्याच देशात देऊ (याला ऑफसेट म्हणतात), असं सगळं पानात वाढलेलं असतं. ३६ राफेलच्या करारात ऑफसेट ५० टक्के होता. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये कॅगने (सरकारी खर्च तपासणारे महालेखापरीक्षक) अहवालात नोंदवलं की राफेल बनवणारी दासो आणि क्षेपणास्त्रं बनवणारी एमबीडीए यांनी डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेला उच्च तंत्रज्ञान देऊन ऑफसेटचा ३० टक्के भाग पुरा करू असं म्हटलं होतं, पण तोवर ते दिलेलं नव्हतं. दाखवणं आणि देणं यांतला फरक इतक्या स्वच्छपणे मराठीशिवाय कुठे सापडेल?

ऐतरेयाचा आणखी एक दंडक आहे: निविदेचं एकही पद गाळू नये, गाळलं तर यज्ञाला भोक पडतं. पदांची उलटापालट करू नये, दोन पदं एकत्र करू नयेत. ज्याने कधी टेंडर भरलंय त्याला हे वाचून घाम फुटेल.

इतिहासाची चूक आता सांगतो. हवाई दलासाठी १२६ विमानांकरता निविदा मागवल्या त्या ऑगस्ट २००७ मध्ये. सहा जण आले: फ्रान्सचं राफेल, चार युरोपीय देशांचं टायफून, अमेरिकेची एफ-१६ आणि एफ-१८ सुपर हॉर्नेट, रशियाचं मिग-३५ आणि स्वीडनचं ग्रिपेन. सहाशेहून अधिक निकषांवर त्यांना पारखलं. एप्रिल २०११ मध्ये राफेल आणि टायफून उरली. अमेरिकेच्या राजदूतांनी तीव्र निराशा व्यक्त केली. जानेवारी २०१२ मध्ये राफेल 'एल-वन' ठरलं, म्हणजे सगळ्यांत कमी दराचं. १८ विमानं तयार येणार होती, १०८ हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीत बांधायची होती. त्या १०८ची हमी कुणी घ्यायची यावर बोलणी वर्षानुवर्षं अडकली.

१० एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ तयार विमानं घेणार असं जाहीर केलं. त्याच वर्षी जुनी निविदा प्रक्रिया रद्द झाली आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी दोन सरकारांमध्ये करार झाला. म्हणजे निविदा १२६ची, करार ३६चा. ३६ची निविदा कधी नव्हतीच. तेव्हा तुम्ही ऐकलेलं वाक्य खरं आहे, फक्त त्यातले दोन 'राफेल' वेगवेगळे आहेत.

राजकारण दोन्ही बाजूंनी या एका शब्दावर खेळलं गेलं. विरोधक म्हणाले, निविदा डावलली. सरकारी बाजू म्हणाली, हा दोन सरकारांमधला करार, इथे निविदेचा संबंधच काय. आणि मग फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅगने हिशेब मांडला की ३६ विमानं २.८६ टक्के स्वस्त पडली. कशाच्या तुलनेत? २००७च्या निविदेतल्या दरांच्या! ज्या निविदेचा संबंध नाही म्हणत होते, तिच्याच दरपत्रकावर निकाल मोजला गेला. कुणाचं बरोबर यावर ज्याला भांडायचं त्याने भांडावं. निदान मेलेल्या निविदेला जिवंत निविदा म्हणू नये.

पण माझ्या मते खरी गंमत पुन्हा निविद्कडेच नेते. निविदेत मुख्य गोष्ट काय? कुठल्या देवतेला बोलवता ती. लढाऊ विमान घेताना कागदावर इंजिन, रडार, पल्ला, दर असं सगळं असतं, पण देश निवडतो तो पुढची तीस-चाळीस वर्षं सुटे भाग आणि शस्त्रं कुणाच्या मर्जीवर घ्यायची ते. ब्राझीलमध्ये २००९ साली राष्ट्राध्यक्ष लूला यांनी राफेलकडे कल दाखवला होता. पुढे अमेरिकेच्या एफ-१८चं पारडं जड दिसायला लागलं. मग अमेरिकी गुप्तचरांनी ब्राझीलच्या नव्या राष्ट्राध्यक्ष रूसेफ यांच्यावर पाळत ठेवल्याचं २०१३ मध्ये उघड झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात स्वीडनच्या ग्रिपेनची निवड झाली. तुर्कस्तानने रशियाची एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला आपल्या एफ-३५ लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून बाहेर काढलं. दोन दैवतांना एकाच वेळी बोलावलं की असं होतं.

एक तज्ज्ञ मला ठासून सांगतात की निविदा हा शब्द संरक्षण खरेदीत वापरूच नये, 'प्रस्तावाची मागणी' म्हणावं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहेत. मात्र त्यांच्याच लेखात एप्रिल २०१८ मधल्या ११० विमानांच्या घोषणेला 'मागणी' म्हटलेलं आहे. ती होती नुसती माहितीची मागणी. तिच्यात कुणी दर सांगत नाही, बांधील होत नाही. तेव्हा आधी स्वतःच्या दोन मागण्या वेगळ्या कराव्यात आणि मग माझ्या निविदेला हात लावावा.

राहता राहिलं अनेकवचन. एक निविदा, अनेक निविदा. भाषा, संस्था यांच्यासारखंच. 'निविद्या मागवल्या' हे मी छापील जाहिरातीत पाहिलंय, ते कृपा करून नको. आणि नौदलाच्या २६ राफेलचा जो करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, तोही दोन सरकारांमधलाच. तिथेही निविदा शोधू नका.