या वयात रूट कॅनल कशाला?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ७४ आहे. त्यांची डावीकडची खालची पहिली मोठी दाढ गेले तीन आठवडे रात्री ठणकते आणि गरम चहाचा घोट घेतला तरी कळ थेट कानापर्यंत जाते. गावातील दंतवैद्यांनी एक्स-रे काढून रूट कॅनल करावे व कॅप बसवावी असे सांगितले. दुसऱ्या दवाखान्यात मात्र ‘या वयात एवढा खर्च आणि खेपा कशाला, काढून टाका’ असा सल्ला मिळाला. उजवीकडच्या दोन दाढा पूर्वीच काढलेल्या असल्यामुळे त्या याच बाजूने जेवतात. त्यांना मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि हाडांसाठी पाच वर्षांपासून आठवड्यातून एकदा एक गोळी असते. थोरले दीर दाढ काढण्याच्या मताचे आहेत. सासूबाई स्वतः ‘माझ्यापायी पैसे घालवू नका’ एवढेच म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातील हाडांच्या गोळीचे वाक्य मी दोनदा वाचले. ते तुम्ही ओघात लिहिले असले, तरी या निर्णयात त्याचे वजन वयापेक्षा जास्त आहे. हाडे ठिसूळ झालेल्यांना आठवड्यातून एकदा दिली जाणारी गोळी बहुतेक वेळा अ‍ॅलेंड्रोनेट किंवा रायझेड्रोनेट यांपैकी असते. आपले हाड सतत जुना भाग काढून त्या जागी नवा घालत असते. ही गोळी जुना भाग काढला जाण्याचा वेग कमी करते आणि म्हणूनच हाडांची झीज थांबते. परंतु दात काढल्यावर जबड्यात जी खाच राहते, ती भरून येण्यासाठी नेमक्या याच उलाढालीची गरज असते. ती मंदावलेली असेल, तर क्वचित काही रुग्णांमध्ये जखम आठ आठवडे उलटले तरी मिटत नाही आणि आतले हाड उघडे राहते. हा विकार वैद्यकीय नियतकालिकात प्रथम २००३ मध्ये नोंदला गेला. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये त्याचे प्रमाण फार कमी आहे आणि कर्करोगासाठी शिरेतून हीच जातकुळीची औषधे घेणाऱ्यांमध्ये ते बरेच जास्त आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नये. मात्र औषधाची वर्षे वाढतात तसा धोका वाढतो. रूट कॅनलमध्ये जे काम होते ते दाताच्या आत होते, जबड्याच्या हाडाला हात लागत नाही. केवळ या एका कारणासाठीसुद्धा, दाढ वाचण्याजोगी असेल तर ती वाचवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे वाचून ती गोळी मात्र कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. ज्यांना हाडांच्या ठिसूळपणासाठी सहा महिन्यांतून एकदा डेनोसुमॅब या औषधाचे इंजेक्शन असते त्यांनी तर मुळीच नाही, कारण त्याची वेळ चुकली तर मणक्यांची हाडे मोडण्याचा धोका वाढतो. दोन्ही दंतवैद्यांना या गोळीची माहिती होती का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. पुढच्या भेटीला औषधांची सर्व पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. नावे तोंडी सांगताना हमखास एखादे राहून जाते.

आता वयाविषयी. ‘या वयात’ या दोन शब्दांनी आपल्याकडे फार दाढा काढल्या गेल्या आहेत, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. केवळ वय झाले म्हणून रूट कॅनल अयशस्वी होत नाही. वयाने एक गोष्ट निश्चित घडते: दाताच्या पोटातील गर, ज्याला आपण नस म्हणतो, त्याची पोकळी आतून अरुंद होत जाते आणि मुळांतल्या नलिका कधी कधी केसासारख्या बारीक होतात. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळे आणि तीन, कधी कधी चार नलिका असतात. त्या सगळ्या शोधून स्वच्छ करायच्या आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरायच्या, हे सत्तरीनंतर अधिक वेळखाऊ व अधिक कौशल्याचे काम होते. म्हणून शक्य असल्यास ते रूट कॅनलच्या तज्ज्ञांकडून, म्हणजे या विषयात एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांकडून, करून घ्यावे.

खरा विचार करायचा तो ही दाढ काय काम करते याचा. तुमच्या सासूबाईंच्या उजव्या बाजूला दाढा नाहीत. डावीकडची ही गेली की चावायला भरवशाची बाजूच उरणार नाही. अशा वेळी घरातल्या कोणाच्या लक्षातही न येता ज्येष्ठ माणसाचे ताट बदलते. आधी शेंगदाणे जातात, मग काकडी-गाजराची कोशिंबीर, मग पेरू आणि सफरचंद. भाकरी दुधात कुस्करली जाऊ लागते आणि शेवटी मऊ भात, खिचडी व साबुदाण्याची खीर एवढेच उरते. मधुमेह असलेल्या बाईसाठी हा बदल साधा नाही, कारण जे सुटते ते साखर आवरणारे आणि जे उरते ते साखर वाढवणारे असते. काढलेल्या दाढेच्या वरची दाढ हळूहळू खाली उतरते आणि मागची दाढ पुढे कलते, तेही वेगळेच.

खर्चाचा हिशेब लोक अर्धाच करतात. दाढ काढणे स्वस्त पडते ते फक्त पुढे काहीच बसवले नाही तर. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला पक्का कृत्रिम दात, करायचा झाल्यास दोन्ही बाजूंचे चांगले दात कापावे लागतात, इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्यासाठी, पुन्हा जबड्याच्या हाडातच शस्त्रक्रिया येते, आणि काढता-घालता येणारी कवळी अनेकांच्या डबीतच राहते. खर्चाची अडचण खरोखर असेल, तर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयात हे उपचार बरेच कमी दरात होतात. तुम्हाला पुणे किंवा कराड जवळ पडेल. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय महाविद्यालये आहेत. तिथे खेपा जास्त होतात, हे गृहीत धरावे.

तरीही ‘दाढ वाचवा’ असे मी पत्रावरून ठामपणे लिहू शकत नाही. कीड काढल्यावर हिरडीच्या वर सभोवार साधारण दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उरतो का, हे पाहावे लागेल, कारण तेवढा नसेल तर कॅपला धरायला काही राहत नाही. मुळापर्यंत उभी चीर गेली असेल, किंवा हिरडीच्या आजाराने आधाराचे हाड झिजून दाढ हलत असेल, तर रूट कॅनल उत्तम झाले तरी दाढ टिकणार नाही. त्या परिस्थितीत दाढ काढणेच योग्य. हाडाच्या गोळीमुळे ते अशक्य होत नाही, फक्त अधिक काळजीने करावे लागते. सासूबाईंना तासभर तोंड उघडे ठेवून खुर्चीत पडून राहणे जमेल का, हेही त्यांनाच विचारावे. मध्ये मध्ये थांबून काम करता येते.

रात्रीचा ठणका आणि गरमाने येणारी कळ ही आतला गर सुजल्याची खूण आहे, आणि या टप्प्यावर ती सूज आपोआप उतरत नाही. एखाद्या दिवशी दुखणे अचानक थांबले तर दाढ बरी झाली असे समजू नये. नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाकडे निघालेले असतात. उपचार होईपर्यंत दुखण्याच्या गोळ्या घरच्या घरी घेत राहू नयेत, कारण मधुमेह आणि रक्तदाब असताना त्यांतील अनेक गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. लवंगेच्या तेलाचा बोळा हिरडीवर ठेवल्यास हिरडी भाजते. उपचाराची वेळ सकाळची घ्यावी, नाश्ता व नेहमीच्या गोळ्या घेऊनच जावे आणि गेल्या तीन महिन्यांतील साखरेचा अहवाल सोबत न्यावा. दुखणे गेले म्हणून कॅप लांबणीवर टाकू नये. रूट कॅनल केलेली दाढ कॅपशिवाय भाकरीच्या एखाद्या कडक तुकड्यानेही दुभंगू शकते, आणि मग ती काढावीच लागते.

‘माझ्यापायी पैसे घालवू नका’ हे सासूबाईंचे दाढेविषयीचे मत नाही. घरात कोणी नसताना त्यांच्याजवळ बसून, दुखणे थांबल्यावर त्यांना काय खावेसे वाटते, हे विचारून पाहा.

प्रश्न : माझे वय ८१ आहे. हृदयात स्टेंट बसवलेला आहे आणि रक्त पातळ करण्याची अ‍ॅस्पिरिनची गोळी रोज घेतो. वरची एक दाढ खूप हलते, दुभंगलेलीही आहे. दंतवैद्य काढायला सांगतात. पण वरचा दात काढला की दृष्टी जाते असे ऐकून आहे आणि रक्तस्रावाचीही भीती वाटते. रूट कॅनल करून ती ठेवता येणार नाही का?
— एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, काका. दुभंगलेल्या आणि सुटत आलेल्या दाढेत रूट कॅनल करणे म्हणजे तुम्हाला विनाकारण शिणवणे होईल. तुमच्या दंतवैद्यांचा सल्ला बरोबर आहे. दृष्टीची नस आणि दातांची नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. दात काढल्याने डोळे जात नाहीत. उतारवयात दात पडणे आणि मोतीबिंदू होणे एकाच सुमारास घडते, त्यातून हा समज रुजला असावा.

अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. एक दाढ काढल्यावरचा रक्तस्राव दाबून धरून, टाका घालून थांबवता येतो. गोळी थांबवल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते संकट फार मोठे असते. दुसरी एखादी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही दंतवैद्यांना दाखवा. दाढ काढल्यावर कापसाची घडी अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा, त्या दिवशी चूळ भरू नका आणि थुंकू नका. वरच्या दाढेची मुळे नाकाशेजारच्या पोकळीजवळ असतात, त्यामुळे पुढचे काही दिवस नाक जोरात शिंकरू नका. घडी पुन्हा चावून धरूनही रक्त थांबले नाही, तर रात्र असली तरी दवाखान्यात फोन करा.