न्यू जर्सीतून आलेला प्रश्न: एकाच अँटेनावर दोन टीव्ही. सिग्नल एकावर ८५ टक्के, दुसऱ्यावर ६०. कोणाचा ट्यूनर (टीव्हीतला सिग्नल पकडणारा भाग) जास्त सेन्सिटिव्ह?

या आकड्यांवरून काहीच कळत नाही. ती टक्केवारी प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने काढते. कुणी सिग्नलची ताकद दाखवतं, कुणी गुणवत्ता.

तुलना ॲटेन्युएटरनेच करावी, म्हणजे केबलमध्ये लावायच्या, सिग्नल ठराविक डेसिबलने (डीबी) कमी करणाऱ्या तुकड्याने. एफ-कनेक्टरचे (टीव्ही केबलचा स्क्रूसारखा फिरवायचा जोड) ७५ ओहमचे तुकडे घ्या: ३ डीबीचे दोन, ६ आणि १० चा एकेक. आधी काहीही न लावता दोन्ही टीव्हींवर स्कॅन करून घ्या, नाहीतर सिग्नल कमी केल्यावर चॅनल यादीतच येणार नाही. स्प्लिटर (एक केबल दोन टीव्हींना वाटणारा जोड) काढा. तीच केबल पहिल्या टीव्हीला, लगेच दुसऱ्याला, पुन्हा पहिल्याला. वारा सुटलेला असेल तर दुसऱ्या दिवशी करा. चित्राचे चौकोनी तुकडे पडेपर्यंत डीबी वाढवत जा. तुम्ही न्यू जर्सीत आहात, तिथल्या एटीएससी १.० या डिजिटल प्रसारण मानकात स्वच्छ चित्र आणि काळा पडदा यांत जेमतेम १ डीबीचं अंतर असतं, त्यामुळे चित्र नेमकं कुठे पडलं ते चुकत नाही. ८५ टक्केवाला ९ डीबीला पडला आणि ६० वाला १२ ला, तर ६० वालाच सुमारे ३ डीबीने सरस. यूएचएफ आणि व्हीएचएफ (प्रसारणाचे वरचे आणि खालचे फ्रीक्वेन्सी पट्टे) वेगवेगळे तपासा. न्यूयॉर्कचे चॅनल ७ आणि ११ खरोखरच हाय-व्हीएचएफवर, म्हणजे व्हीएचएफच्या वरच्या भागात आहेत.

पण यातून फार मोठा फरक निघेल अशी आशा धरू नका. ६ मेगाहर्ट्‌झच्या चॅनलमध्ये उष्णतेचा नॉइज उणे १०६ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डीबी). त्यात ट्यूनरचा स्वतःचा ७ डीबी नॉइज आणि चित्रासाठी सिग्नल नॉइजच्या वर लागतो ते १५ डीबी मिळवा, की किमान लागणारा सिग्नल उणे ८४. एटीएससीची शिफारसही उणे ८३ चीच आहे. ट्यूनर कितीही सुधारला तरी मिळवायला शिल्लक आहेत फक्त ते ७. दोन तोंडांचा साधा स्प्लिटर एकटाच ३.५ खातो.

म्हणूनच ‘टीव्हीमागे बूस्टर (सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) लाव’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. ३० मीटर आरजी-६ केबलमध्ये यूएचएफचे ५-६ डीबी जातात. ते गेल्यावर वाढवलं तर सिग्नलबरोबर नॉइजही वाढतो. ॲम्प्लिफायर अँटेनाच्या खांबावर, केबलच्या आधी हवा. तो असेल तर ॲटेन्युएटर पॉवर इन्सर्टरच्या (खांबावरच्या ॲम्प्लिफायरला केबलमधून वीज देणारा डबा) टीव्हीकडच्या बाजूला लावा. उलट बाजूला लावलात तर ॲम्प्लिफायरला वीज पोचणार नाही, ॲटेन्युएटर जळूही शकतो. आणि ॲटेन्युएटर लावल्यावर गेलेला चॅनल परत आला, तर सिग्नल कमी नाही, जास्त होतोय. बूस्टर आधी काढा.

एक राहिलं: इमारतींवरून परतणारे प्रतिध्वनी या चाचणीत दिसत नाहीत, कारण ॲटेन्युएटर मूळ सिग्नल आणि प्रतिध्वनी दोन्ही सारखेच कमी करतो. १० डीबी लावूनही चॅनल टिकतो, पण एरवी मधूनच तुटतो, अशा वेळी ट्यूनरला दोष न देता अँटेना अर्धा मीटर सरकवून पाहा. एटीएससी ३.० या नव्या मानकाला मात्र वरचा १५ डीबीचा हिशेब लागू नाही.