परतायची वेळ आली आणि लेक तुटक वागू लागली

एक्स्चेंजवर परदेशी गेलेल्या मुलांच्या आयांचे फोन मे-जूनमध्ये हमखास येतात. तक्रार साधारण एकच असते. "पोरगी परत येतेय, पण आनंदच दिसत नाही. आमच्याशी धड बोलत नाही, तिथल्या घरातही भांडतेय. काही झालं असेल का हो?" खरंच काही झालं नाही ना, हे आधी विचारायलाच हवं, तेही मुलीला एकटीला गाठून. तसं काही नसेल तर बहुतेक वेळा परतायची वेळ जवळ आल्याचंच हे दुखणं असतं.

सईचं (नाव बदललंय) तसंच झालं होतं. ती कोल्हापूरची, सतरा वर्षांची. जर्मनीत फ्रायबुर्गला एका कुटुंबात राहून तिथल्या शाळेत जायची. जुलैअखेर परतायचं होतं. होस्ट फॅमिलीने निरोपाचा बेत आखला होता. केबल कारने १२८४ मीटर उंच शाउइन्सलांड डोंगरावर जायचं, पायी उतरायचं आणि वाटेत ग्रिलसाठी नेमून दिलेल्या जागी बार्बेक्यू करायचा. सई मात्र जायला तयार नव्हती. म्हणे, मी व्हेज आहे (हो, कोल्हापूरची असूनही), पाय दुखतो, पॅकिंग राहिलंय.

आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो. इथे रात्रीचे साडेनऊ, तिथे सहा वाजलेले, खिडकीबाहेर लख्ख ऊन. वर्षभर ती याच लोकांच्या पंगतीला बसत होती, मग व्हेजचा प्रश्न आत्ताच कसा उपटला, असं मी विचारलं. बराच वेळ बॅगेच्या वजनाबद्दलच बोलत राहिली. मग म्हणाली, "तिथली बहीण मला म्हणाली, तू गेलीस की माझी खोली मला परत मिळेल."

तेव्हापासून सई आणि होस्ट फॅमिलीतली ही मुलगी कामापुरतंच बोलत होत्या. मला त्या वाक्यात हिणवणं दिसलं नाही. ज्या माणसापासून लांब जायचंय, त्याच्यात खोट काढली की जाणं सोपं वाटतं. सई ट्रेक टाळत होती आणि ती मुलगी खोलीचा विषय काढत होती. दोघींचं चाललं होतं एकच.

देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांवर डेव्हिड पोलॉक यांनी बरंच काम केलंय. निघण्याआधी करायच्या चार गोष्टी ते सांगतात. रुसवे मिटवा, आभार माना, माणसांचा आणि जागांचा निरोप घ्या, आणि जिथे जायचंय तिथला विचार सुरू करा. मी क्रमाबद्दल जरा हट्टी आहे. रुसवा तसाच ठेवून पार्टीला गेलं तर फोटो चांगले येतात, बाकी काही होत नाही.

म्हणून 'ट्रेकला जा' असं मी सईला म्हटलंच नाही. आधी खोलीचं बोल, म्हटलं. "मला त्याचं वाईट वाटलं" एवढंच सांग, तू अशी नि तू तशी नको. तिने ते त्याच रात्री केलं, तर समोरचीच रडायला लागली.

मग सई गेली. त्यांच्याकडे ज्याने त्याने आपलं भाजायचं आपणच न्यायची पद्धत. हिने मक्याची कणसं नेली, तिखट-मीठ-लिंबासकट, आणि ती मांस खाणाऱ्यांनीच संपवली. काठीला यीस्टच्या पिठाची वळी गुंडाळून निखाऱ्यांवर पाव भाजायचा होता. घाई केली की वरून करपतो नि आत कच्चा राहतो. सईचे दोन कोळसा झाल्यावर बहिणीने काठी आपल्या हातात घेतली. आभार मानतानाही सई "सगळ्यासाठी थँक्यू" म्हणून सुटली नाही. थंडीत सकाळच्या अंधारात सायकलचा दिवा लागतोय का ते रोज तपासायचात, असं तिने होस्ट बाबांना सांगितलं. ते पुढे बराच वेळ निखारेच हलवत बसले म्हणे.

आईचं काम वेगळं होतं. रोजच्या फोनवर "आमची आठवण येत नाही का गं?" हे वाक्य असायचंच. ते मी बंद करायला लावलं. त्याचं खरं उत्तर त्या दिवसांत कुणालाच सुखावणारं नसतं. विमानतळावर वीस नातेवाईक न्यायचा बेतही रद्द करवला, त्यावर आत्या अजून माझ्यावर नाराज आहेत.

घरी आल्यावर सगळं सुरळीत होईल, असं मी त्यांना सांगितलं नव्हतं. परक्या देशात रुळताना जशी एक घसरण येते तशी परतल्यावरही येते, हे गलाहॉर्न या संशोधकांनी १९६३ मध्येच मांडलंय. ऑगस्टमध्ये आईंचा फोन आलाच. न विचारता कुणी खोलीत आलं की सई चिडते.

"मग दार वाजवून जा."

"स्वतःच्या घरात?"

"हो. निदान दिवाळीपर्यंत."