आठवीतला मुलगा पुस्तक हातात धरत नाही, वाचनाची गोडी कशी लावू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा आठवीत आहे, रोज रात्री जेवणं झाली की त्याला अर्धा तास पुस्तक घेऊन बसवता, वाचून झालं की वहीत दहा ओळींचा सारांश लिहून घेता. सहा महिने झाले, गोडी तर लागली नाहीच, उलट आता पुस्तक दिसलं तरी तोंड वाकडं करतो. मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात २१ वर्षं ग्रंथपाल आहे. माझं पहिलं सांगणं एवढंच, की आज रात्रीपासून ती वही बंद करा. अर्ध्या तासाचं नंतर बघू, आधी वही.

इतकं ठामपणे सांगतेय, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. आमच्याकडे पाचवीतली एक मुलगी दर दोन दिवसांनी पुस्तक बदलायला यायची. काउंटर तिच्या हनुवटीला लागायचा. मला तिचं फार कौतुक होतं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, सांग बरं, गेल्या महिन्यात काय काय वाचलंस, त्यातून काय शिकलीस? दोन वाक्यं बोलली, अडकली, माझ्याकडे बघत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ती आली की आधी दाराशी थांबायची, पुस्तक छातीशी धरून ओठ हलवत काहीतरी पुटपुटायची आणि मग आत यायची. मला कळायला बराच वेळ लागला. मी विचारलंच तर उत्तर तयार असावं म्हणून ती गोष्ट पाठ करत होती. पुढे फेऱ्या कमी झाल्या. शेवटी तिचे वडील अनामत परत न्यायला आले. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे रेघ मारताना हात जड झाला होता, तो आजही आठवतो.

तेव्हापासून मी कोणत्याही मुलाला ‘काय वाचलंस’ असं विचारत नाही. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. ते स्वतः शाळेत शिकवायचे. पहिला हक्क न वाचण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि दहावा, वाचल्यावर गप्प राहण्याचा. तो दहावा वाचला तेव्हा मला ती मुलगी आठवली.

आपल्याकडे वाचन नेहमी काहीतरी फायदा दाखवूनच पुढे केलं जातं. शब्दसंग्रह वाढेल, निबंध चांगला येईल, स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल. हे सगळं खरंच आहे, पण आंबा आपण जीवनसत्त्वासाठी खातो का? १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, राज्यभर वाचन प्रेरणा दिन होतो. दिवस चांगला आहे, मला तो आवडतो. त्या दिवशी शाळांची मुलं रांगेने आमच्याकडे येतात, एक तास खरोखर शांत बसून वाचतात. पण तास संपताच कुणीतरी कागद वाटतं आणि ‘वाचलेल्या पुस्तकाबद्दल अभिप्राय लिहा’ म्हणतं. त्या क्षणी चाळीस चेहरे एकदम परीक्षेचे होतात. मी हे दरवर्षी बघते आणि दरवर्षी शिक्षकांना हात जोडून सांगते की कागद वाटू नका.

आता दुसऱ्या एका मुलाचं सांगते. हा सातवीत होता. आजीचे गुडघे दुखायचे, आमचा जिना तिला चढवेना, म्हणून दर शनिवारी तिचं पुस्तक बदलायला यायचा. स्वतःला वाचनाचं काही नाही. मी आजीची कादंबरी शोधेपर्यंत तो खिडकीशी उभा राहायचा. खिडकीच्या कट्ट्यावर एका क्रिकेटच्या पाक्षिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले होते, धूळ खात. एका शनिवारी त्याने सहज पान उलटलं. पुढच्या शनिवारी मी आजीचं पुस्तक शोधायला मुद्दाम वेळ लावला. त्याच्या पुढच्या वेळी तर पुस्तक हातात मिळाल्यावरही तो तिथेच उभा होता, एक पाय दुसऱ्यावर घासत, स्कोअरकार्डावर बोट फिरवत. मी काही बोलले नाही, फक्त तिथे एक स्टूल सरकवून ठेवलं. असे कितीतरी शनिवार गेले. मग फास्टर फेणेचं एक पुस्तक मी त्या अंकांवर तसंच ठेवून दिलं. फुरसुंगीचा पोरगा, सायकलवरून धावपळ, सातवीतल्या मुलाला आणखी काय हवं! पंधरा दिवस त्याने त्याला हात लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात जिन्यावरून धापा टाकत आला आणि आजीचं पुस्तक काउंटरवर ठेवायच्या आत म्हणाला, “मॅडम, याच्या पुढचं आहे का?”

तुम्हाला कान लावून बसायचं आहे ते या वाक्यासाठी.

आमच्या ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमात डॉ. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पहिल्याच आठवड्यात घोकून घेतात. १९३१ साली त्यांनी ती मांडली. त्यातली दोन अशी, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती, त्यांचा अर्थ मला त्या खिडकीशी कळला. तुमचा मुलगा वाचत नाही असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, त्याचं पुस्तक अजून त्याच्या हाती लागलेलं नाही. तुम्ही त्याला थोरामोठ्यांची चरित्रं दिलीत असं लिहिलंय. ती उत्तमच आहेत, पण ती तुमची निवड झाली. त्याला क्रिकेट, साप, विमानं, भुतं, जे काय आवडत असेल त्याचं मिळू दे. चित्रकथा असल्या तरी चालतील. इंग्रजी असलं तरी चालेल. एक पुस्तक दहाव्या पानावर सोडून दुसरं घेतलं तर ‘आधी हे पूर्ण कर’ म्हणू नका. आमच्याकडे पुस्तक सकाळी नेऊन संध्याकाळी ‘नाही आवडलं’ म्हणून परत आणणारी मुलं असतात. तीच पुढे पक्की वाचक होतात, हे मी पाहिलंय. आपल्याला काय आवडत नाही हे त्यांना लवकर समजतं.

पुस्तक निवडायची एक खूण सांगते, ती मुलांनीच मला शिकवली. वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. जिथे एक चिठ्ठी शिक्क्यांनी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलीय, पानांच्या कडा काळवंडल्यात, मध्येच एखाद्या पानावर चिवड्याचा तेलकट डाग आहे, ते पुस्तक मुलांनी निवडलेलं असतं. कोरं करकरीत, कडक बांधणीचं, बक्षीस देण्याजोगं दिसणारं पुस्तक बहुतेक वेळा मोठ्यांनी निवडलेलं. डागाळलेलं घ्या.

विकतच घ्यायला हवं असंही नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. पण आठवीतल्या मुलाच्या हातात मोबाइल देऊन ‘किशोर वाच’ म्हणणं कठीण आहे, ते मला कळतं. एखादी गोष्ट छापून घ्या आणि जेवणाच्या टेबलावर नुसती राहू द्या.

आणि एक विचारते, राग मानू नका. तो अर्धा तास पुस्तक घेऊन बसतो तेव्हा तुम्ही आणि त्याचे बाबा काय करत असता? मुलाला वाचायला बसवून घरातली मोठी माणसं फोन बघत असतील, तर वाचन ही शिक्षा आहे हे त्याला न सांगताच समजतं. तुम्हीही तुमच्या आवडीचं काहीतरी घ्या, पाककृतीचं पुस्तक का असेना, जुना दिवाळी अंक का असेना. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या घरांत दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी अंक लोळत असायचे आणि मुलं ते न विचारता उचलायची. तसे ते पुन्हा लोळू द्या. वाचता वाचता हसू आलं तर मोठ्याने हसा. ‘का हसलीस’ म्हणून विचारलं तर तेवढाच उतारा वाचून दाखवा आणि परत आपल्या वाचनात जा. तुमचा मुलगा इंग्रजी माध्यमात असेल आणि मराठी जोडाक्षरांवर अडखळत असेल, तर हे मोठ्याने वाचणं फार कामाला येतं. तेरा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायचं का, असं वाटेल, पण आठवी-नववीतली मुलंही कान देऊन ऐकतात, फक्त आपण ऐकतोय हे त्यांना दाखवायचं नसतं.

सुट्टीत जमलं तर महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरच्या भिलारला जाऊन या. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांची कपाटं मांडलीत. कुणाच्याही ओसरीवर बसावं, हवं ते काढावं, वाचावं, जागेवर ठेवून निघावं. तिथे तुम्हाला कुणी सारांश मागत नाही. मी तिथे एक दुपार बसले होते, समोर स्ट्रॉबेरीचं शेत होतं, आणि शेजारी एक अनोळखी मुलगा पालथा पडून दोन तास वाचत होता. काय वाचत होता ते मी मान वाकडी करूनही पाहिलं नाही.

तोवर तुमच्या गावात काय आहे ते बघा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं राज्यात खेड्यापाड्यांतही आहेत, आणि बालविभागाची वर्गणी किरकोळ असते. येत्या शनिवारी त्याला घेऊन जा. त्याच्या नावाने कार्ड काढा, तुमच्या कार्डावर नको, आणि सही त्याला करू द्या. तुमचं पुस्तक बदला आणि बाहेर पायरीवर येऊन थांबा. तो रिकाम्या हाताने आला तरी ‘एवढा वेळ काय करत होतास’ म्हणू नका. पुढच्या शनिवारी परत न्या.