"डॉक्टरचा कागद झालाय, आता मुलगी माझी" असं नवरा म्हणतोय

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव गाव देत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, वय 34, सात वर्षांची मुलगी, नवऱ्याची आणि दिराची आंब्याची बाग. आई गेल्यापासून पाचेक महिने धड झोप नाही, फळ्यासमोर उभं राहिलं की हात कापतात, दोनदा वर्गात मुलांसमोर रडू आलं. फॅमिली डॉक्टर म्हणाले सायकियाट्रिस्टना दाखवा, म्हणून नवऱ्यासोबत एका खाजगी क्लिनिकला गेल्या. तिथे काउंटरवरच्या मुलीने सगळ्या वेटिंगसमोर मोठ्याने विचारलं, "त्रास झोपेचा आहे की संशयाचा?" मग एक छापील फॉर्म दिला, त्यावर नातेवाईक म्हणून नवऱ्याने सही केली, ताईंची सही कुणी मागितलीच नाही, आणि आत गेल्यावर दहा मिनिटं नवराच बोलत राहिला, शेवटी झोपेच्या गोळीची चिठ्ठी मिळाली. मग घरी भांडण झालं तेव्हा तो म्हणाला, केसपेपरचा फोटो आहे माझ्या मोबाईलमध्ये, वेडी म्हणून कागद झालाय, घटस्फोट घेईन, मुलगी माझी आणि तुझी नोकरीपण जाईल. ताई विचारतायत की आता दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ की नको, गेले तर अजून कागद तयार होतील ना?

ताई, जा. पहिलं उत्तर हेच आहे, बाकी सगळं त्याच्यानंतर. फक्त या वेळी कागद कुणाच्या हातात जाणार ते तुम्ही ठरवायचं, नवऱ्याने नाही.

आधी "वेडी म्हणून कागद झालाय" याचं बघू, कारण याच एका वाक्याने आपल्याकडे किती बायका आणि पुरुषसुद्धा वर्षानुवर्षं डॉक्टरकडे जात नाहीत आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. असा काही कागद कायद्यात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे, 2018 च्या मे महिन्यात लागू झाला, त्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलंय की एखाद्याला मानसिक आजार आहे असं डॉक्टरने ठरवलं तरी तेवढ्यावरून तो माणूस कायद्याच्या भाषेत वेडा ठरत नाही, ते फक्त कोर्टच ठरवू शकतं. आणि पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्याच कारणावरून आज कुणाला मानसिक रुग्ण म्हणता येत नाही. अजून एक वाक्य आहे त्यात जे मला फार आवडतं, समाजाच्या रीतीभातीत कुणी बसत नाही म्हणून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. म्हणजे सासूशी पटत नाही, उलट बोलते, देवाला कौल लावायला येत नाही, यातलं काहीच आजाराचं लक्षण म्हणून लिहिता येत नाही. तुमचं तर त्याहून साधं आहे. आई गेली, झोप गेली, हात कापतात. कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे ती विचार, मनःस्थिती, निर्णयशक्ती यांच्यात मोठा बिघाड अशी आहे, झोप येत नाही म्हणून गोळी लिहून दिली की लगेच कुणी त्यात जाऊन बसत नाही.

घटस्फोटाचं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मानसिक आजार हे कारण आहे, ते मी लपवणार नाही. पण तिथे आजार आहे एवढं पुरत नाही, तो अशा प्रकारचा आणि इतक्या प्रमाणात असावा लागतो की जोडीदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येणार नाही, आणि हे नवऱ्याने सिद्ध करायचं असतं. सुप्रीम कोर्टाने 1988 मध्ये राम नारायण गुप्तांच्या केसमध्ये स्किझोफ्रेनियासारख्या आजाराबद्दलसुद्धा हेच सांगितलं की नुसतं नाव लागलं म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजाराची तीव्रता बघावी लागते. तुमची चिठ्ठी झोपेची आहे. मुलीचा ताबा बापाला किंवा आईला बक्षीस म्हणून मिळत नसतो, मुलीचं भलं कशात आहे ते बघून कोर्ट ठरवतं. आणि उपचार घेऊन ठीक चाललेली आई ही कोर्टासमोर कमकुवत आई नसते.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक केस होती, माझी अशील अशीच होती, नवऱ्याच्या वकिलाने मोठ्या थाटात प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स दाखल केली. आम्ही तिच्या परवानगीने तिचं ओरिजिनल ओपीडी कार्ड काढलं, पिवळं पडलेलं, मागच्या बाजूला निळ्या पेनने फॉलोअपच्या अकरा तारखा आणि शेवटच्या तारखेसमोर "झोप चांगली, गोळी बंद". जजसाहेबांनी ते कार्ड दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि समोरच्या वकिलांना विचारलं, मग तुमचं म्हणणं नक्की काय आहे? ज्या कागदाला ती दोन वर्षं घाबरत होती तोच तिच्या कामाला आला.

पण खोटा दिलासाही देणार नाही. नवऱ्याने काढलेला फोटो कोर्टात येऊच शकत नाही असं समजू नका, नवराबायकोच्या केसमध्ये चोरून केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा चालू शकतं असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये म्हटलंय. आणि कोर्टाने आदेश दिला तर डॉक्टरला सांगावं लागतं, वकिलाला जसं गप्प राहण्याचं संरक्षण पुराव्याच्या कायद्यात आहे तसं डॉक्टरला नाही. म्हणून जे तुमच्या हातात आहे ते नीट करायचं, ते आता सांगते.

पहिल्यांदा, आत एकट्या जा. तुम्ही सज्ञान आहात, तुम्हाला समजतंय, बोलता येतंय, तर तुमच्या उपचाराला तुमचीच संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही आणि ती तुमच्या सहीच्या जागी चालतही नाही. त्या क्लिनिकने केलं ते चुकीचं होतं. कोण सोबत आलं तर बाहेर बसेल, डॉक्टरना सुरुवातीलाच सांगा की मला एकटीला बोलायचंय, आणि नंतर हवं असेल तर पाच मिनिटं आत बोलवा. घरचे लोक कधीकधी डॉक्टरना उपयोगी माहिती देतात, सगळे नवरे वाईट नसतात, पण बोलवायचं की नाही ते तुम्ही सांगायचं. काउंटरवर कुणी त्रास विचारला तर "ते डॉक्टरना सांगेन" एवढं बोला, पुरे.

गुप्ततेसाठी त्याच 2017 च्या कायद्यात कलम 23 आहे. तुमचा आजार, उपचार, काय बोललात, हे डॉक्टरने आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या थेरपिस्टने कुणाला सांगायचं नाही. अपवाद आहेत, दुसऱ्या डॉक्टरना उपचारासाठी, कुणाच्या जिवाला धोका असेल तर, कोर्टाचा किंवा तसा अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश असेल तर, आणि तुमच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला. नवरा म्हणून नवऱ्याला, या यादीत नाहीये.

आता हा नामनिर्देशित प्रतिनिधी, इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेकांना हे माहीतच नसतं आणि तुमच्या केसमध्ये सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. कलम 14 प्रमाणे तुम्ही साध्या कागदावर लिहून सही करून कुणालाही आपला प्रतिनिधी नेमू शकता, सज्ञान असावा, समजूतदार असावा आणि त्याने डॉक्टरना लेखी कळवावं की मी तयार आहे. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. उद्या समजा तुमची तब्येत खरंच एवढी बिघडली की स्वतःचं ठरवता येईना, तर तुमच्या बाजूने बोलणारा, उपचाराची माहिती मिळणारा तोच. आणि तुम्ही कुणालाच नेमलं नाहीत तर? मग कायदा नातेवाईकाकडे बघतो, म्हणजे तुमच्या घरात सरळ नवरा. तुम्ही लिहिलंय की भाऊ डोंबिवलीला असतो आणि तो तुमच्या पाठीशी आहे, गणपतीला येणार आहे. तोपर्यंत थांबायचं कारण नाही, आजच लिहा, त्याचं संमतीपत्र पोस्टाने मागवा. कधीही बदलता येतं, आज भाऊ, उद्या मैत्रीण, तुमची मर्जी.

याच्याच पुढची भीती म्हणजे "मला रत्नागिरीला नेऊन टाकतील". आपल्याकडे कोकणात ते गाव मनोरुग्णालयासाठी असं काही तोंडात बसलंय की लोक तेच नाव घेऊन बायकांना धमकावतात, खरं तर तिथे कितीतरी लोक बरे होऊन घरी येतात. कुणी नेऊन टाकलं असं होत नाही ताई. स्वतःहून भरती व्हायचं असेल तर कुणाच्या संमतीची गरज नाही, तुम्ही स्वतः अर्ज करायचा. आणि दुसऱ्याने, म्हणजे त्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, भरती करायची तर कलम 89 खाली दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक सायकियाट्रिस्टच हवा, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजेचा धोका किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही अशी अवस्था असावी लागते, आणि सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवस. बाई असेल तर तीन दिवसांत रिव्ह्यू बोर्डाला, म्हणजे या कायद्याखाली अशा भरतीवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाला, कळवावं लागतं. झोप न येणाऱ्या मास्तरीणबाईंना कुणी उचलून नेऊ शकत नाही.

डॉक्टर कोण ते बघून घ्या. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी सायकियाट्री, डीएनबी किंवा डीपीएम, त्यांचा मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर क्लिनिकमध्ये आणि चिठ्ठीवर असलाच पाहिजे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं रजिस्ट्रेशन रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं असतं, ते थेरपी देतात, गोळ्या लिहून देत नाहीत. नुसती काउन्सेलर अशी पाटी कुणीही लावू शकतं म्हणून तिथे शिक्षण विचारायला लाजू नका. फी फोनवरच विचारा, पहिल्या वेळची किती, फॉलोअपची किती, थेरपीचं सेशन वेगळं का, पावती मिळेल का. कणकवलीला जा नाहीतर फोंडाघाट चढून कोल्हापूरला जा, जिथे मोकळं वाटेल तिथे, पण एसटीचा दिवस आणि शाळेची रजा मोडायची असते म्हणून हे आधीच विचारलेलं बरं. फॉलोअप व्हिडिओवर करतात का तेही विचारा, 2020 पासून टेलिमेडिसिनचे नियम आहेत, पण काही झोपेच्या गोळ्यांसाठी समोर जावंच लागतं.

मोबाईल नंबर! हे विसरू नका. फॉर्मवर घरातला नंबर लिहिला की अपॉइंटमेंटचा मेसेज, बिल, रिपोर्ट सगळं त्या मोबाईलवर, म्हणजे नवऱ्याच्या हातात. तुमचाच नंबर लिहा आणि इमर्जन्सी काँटॅक्ट म्हणून भावाचा. फाईल शाळेच्या कपाटात किंवा मैत्रिणीकडे ठेवा. मेडिकलवाल्याने नाव आणि गोळीचं नाव रजिस्टरमध्ये लिहून घेतलं तर घाबरू नका, काही गोळ्यांसाठी ते त्याला कायद्याने ठेवावंच लागतं, पण गावातला मेडिकलवाला दिराचा दोस्त असेल तर गोळ्या डॉक्टरच्या गावातूनच घेऊन या.

आणि त्या पहिल्या क्लिनिकची फाईल. 2017 च्या कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तुमच्या उपचारांचं मूलभूत (बेसिक) रेकॉर्ड मागायचा हक्क तुमचा, आणि मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम सांगतो की मागितल्यावर 72 तासांत द्यायचं. लेखी अर्ज द्या, एका कॉपीवर पोच म्हणून शिक्का घ्या. त्या अर्जातच दोन ओळी घाला, की माझ्या लेखी परवानगीशिवाय माझ्या पतीसकट कुणालाही माझी माहिती किंवा कागद देऊ नये. नवऱ्याने सांगितलेलं त्यात डॉक्टरने तुमच्याबद्दलचं म्हणून लिहून ठेवलंय का ते कळेल, तसं असेल तर नवीन डॉक्टरना पहिल्याच भेटीत दाखवा आणि तुमच्या तोंडून खरं काय ते लिहायला सांगा.

नोकरीबद्दल एवढंच, सायकियाट्रिस्टकडे जाते म्हणून कुणाला जिल्हा परिषदेच्या नोकरीवरून काढता येत नाही. उद्या आजार अपंगत्वाच्या पातळीला गेला असं धरलं तरी 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 20 सरकारी कर्मचाऱ्याला नोकरीतून काढायला किंवा खालच्या पदावर टाकायला मनाई करतं. रजेसाठी सर्टिफिकेट लागलं तर डॉक्टरना विचारा की विश्रांतीची गरज एवढंच लिहून चालेल का, बाकी तपशील हेडमास्तरांच्या टेबलावर जायची गरज नसते. मेडिक्लेम असेल तर 2017 च्या कायद्याने मानसिक आजाराला बाकी आजारांसारखंच कव्हर द्यावं लागतं, मात्र नवीन पॉलिसी घेताना हे उपचार लपवू नका, लपवलेलंच क्लेमच्या वेळी आडवं येतं.

"वेडी" म्हणून रोज टोमणे, मुलगी काढून घेईन ही धमकी, हे घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात मोडतं, शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणून. आत्ताच केस करा असं मी म्हणत नाहीये, तुम्हाला आधी झोप हवीये. पण तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, 15100 वर फोन केला तरी चालतो.

सासूबाई "बाहेरचं" म्हणून कुणाकडे न्यायचं म्हणतायत असं शेवटी लिहिलंत. देवळात गाऱ्हाणं घालायला जायचं असेल तर खुशाल जा, पण मारणं, धुरी, कोंडून ठेवणं असलं कुणी काही केलं तर 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

प्रतिनिधीचा कागद असा लिहा: "मी, पूर्ण नाव, वय, पत्ता, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 14 प्रमाणे माझा भाऊ, पूर्ण नाव, पत्ता, फोन, याला माझा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे. यापूर्वी कुणाला नेमलं असल्यास ते रद्द समजावं." खाली तारीख, सही. तीन प्रती करा, एक तुमच्याकडे, एक भावाकडे, एक नवीन डॉक्टरच्या फाईलला पहिल्याच दिवशी लावायला सांगा. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत एखादी रात्र फारच जड गेली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.