जादा कामाचे बिल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घराचे बांधकाम चालू असताना आम्ही बरेच बदल तोंडी सांगितले. ठेकेदार 'करून टाकू' म्हणाला. आता शेवटच्या बिलात जादा कामाच्या २३ नोंदी आल्या आहेत. बिल नाकारावे का?

उत्तर: सरसकट नाकारू नका. तुम्ही सांगितलेले काम समोर उभे असेल, तर त्याचे पैसे द्यावेच लागतील. वाद मोजमापाचा आणि दराचा असू शकतो. आधी मूळ करार व कामांची दरसूची घेऊन प्रत्येक नोंद तपासा. काही नोंदी मूळ दरातच बसणाऱ्या निघतील. गिलाव्याच्या दरात परांची आणि पाणी मारणे बहुधा धरलेलेच असते, पण जादा कामात ते हमखास दुसऱ्यांदा डोकावते. ओळंब्यात नसलेली (सरळ उभी नसलेली) भिंत पाडून पुन्हा बांधली असेल, तर तो खर्च ठेकेदाराचा. झाकल्या गेलेल्या पाइप-वायरिंगसाठी फोटो आणि मालाची चलने मागा.

मग वजावट पाहा. ती मालकाच्या लक्षात येत नाही आणि ठेकेदार आपणहून काढत नाही. समजा ४.५ मीटर लांब, ३ मीटर उंच भिंत रद्द केली. १३.५ चौरस मीटर वीटकाम वाचले, पण दोन्ही बाजूंचा २७ चौरस मीटर गिलावा, तितकाच रंग आणि ९ मीटर स्कर्टिंगही (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) वाचले. बिलात फक्त वीटकाम वजा केलेले दिसेल. मात्र विटा आधीच येऊन पडल्या असतील आणि दुसरीकडे वापरता येत नसतील, तर तो भाग ठेकेदाराच्या माथी मारू नये.

प्रश्न: पुढचे बदल कागदावर कसे आणायचे?

उत्तर: काम सुरू होण्याआधी, एका बदलाला एक पान. क्रमांक, तारीख, बदल कोणी मागितला, कोणत्या नकाशावर, वाढलेली व कमी झालेली परिमाणे, दर, वाढणारे दिवस आणि दोघांच्या सह्या. घाई असेल तर निदान त्याच दिवशी लेखी संदेश पाठवून उत्तर घ्या.

'दार फक्त ६० सेंटिमीटर सरकवायचे' हे ऐकायला किरकोळ वाटते. त्यात पाडकाम, राडारोडा उचलणे, जुनी जागा बुजवणे, ०.९ मीटर दारावर दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटिमीटर टेकू देऊन १.२ मीटरची लिंटेल (दारावरची आडवी तुळई), गिलाव्याचा जोड, स्विचबोर्ड हलवणे आणि फरशीचे तुकडे बदलणे इतके येते. सलग लिंटेल पट्टा असेल तर नवी लिंटेल लागत नाही. भिंत भार घेणारी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती आधी.

दर ठरवताना करारातला दर असेल तो लावा. नसेल तर मिळत्याजुळत्या कामाच्या दरातून काढा. तेही जमत नसेल तर साहित्य, मजुरी, यंत्रे आणि त्यावर ठरलेले टक्के. हे टक्के करारातच लिहून ठेवा, नंतर घासाघीस नको. रोजंदारीवर काम करून घेतले, तर माणसे, तास आणि माल यांच्या नोंदीवर त्याच संध्याकाळी सही करा. आठवड्याने कोणालाच काही आठवत नाही.

प्रश्न: बदलामुळे १५ दिवसांची मुदतवाढ मागितली आहे. द्यावी का?

उत्तर: त्या बदलावाचून पुढचे काम अडते का, ते पाहा. फाटकाची जाळी बदलली म्हणून घर थांबत नाही. वॉटरप्रूफिंगच्या तोंडावर न्हाणीघराची मांडणी बदलली, तर पुढची फरशी आणि फिटिंग खरोखर खोळंबतात. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या करारनमुन्यात मुदतवाढ वा जादा पैशांच्या दाव्याची सूचना, कारण कळल्यापासून २८ दिवसांत द्यावी लागते. घरगुती कामाला ७ दिवस पुरेत.

प्रश्न: इतके कागद मागितल्यावर ठेकेदार बिथरणार नाही का?

उत्तर: कागदापेक्षा अडकलेले पैसे त्याला जास्त बिथरवतात. मंजूर बदल पुढच्याच चालू बिलात (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणाऱ्या बिलात) घ्या, शेवटच्या बिलापर्यंत साठवू नका. तुमचा निर्णयही ठरलेल्या दिवसांत द्या. मिस्त्री रिकामा बसला तर तो खर्च तुमच्याकडेच येतो. एखाद्या रकमेवर एकमत झाले नाही, तर मान्य भाग चुकता करा, उरलेला 'वादातील' म्हणून बिलात नोंदवा आणि काम चालू ठेवा.