पीएफ काढून क्रेडिट कार्डाची थकबाकी भरावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 46, बुटीबोरीतील कंपनीत 17 वर्षांची सलग नोकरी, हातात येणारा पगार 52 हजार. वडिलांच्या आजारपणात दोन क्रेडिट कार्डांवर मिळून 3 लाख 80 हजार रुपये चढले, दर महिन्याला किमान देय रक्कम भरूनही आकडा हलत नाही, आणि पीएफमध्ये 11 लाख जमा आहेत. तर त्यातले पैसे काढून एकदाचे मोकळे व्हावे का? मी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात पगार आणि भविष्य निधीचे काम पाहतो, त्यामुळे हाच प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी येणारे बरेच असतात. त्यांना जे सांगतो तेच तुम्हालाही सांगतो: आत्ता पीएफला हात लावू नका. आधी पतसंस्थेत किंवा बँकेत जाऊन साधे हप्त्याचे कर्ज मिळते का ते पाहा, आणि तिथे खरोखरच नकार मिळाला तर पीएफमधून फक्त कमी पडणारी रक्कम काढा.

किमान रक्कम भरूनही आकडा का हलत नाही, ते आधी पाहू. बहुतेक कार्डांवर थकीत रकमेला महिन्याला साधारण 3 ते 3.75 टक्के व्याज लागते. साडेतीन टक्के धरले तर 3 लाख 80 हजारांवर महिन्याचे व्याज 13,300 रुपये होते, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे 2,400 रुपये. किमान देय रक्कम ढोबळमानाने 5 टक्के, म्हणजे 19 हजार. त्यातले 15,700 व्याज-करात गेले आणि मूळ कर्जातून जेमतेम 3,300 कमी झाले. पुढच्या महिन्यात थकबाकी किंचित उतरते म्हणून किमान रक्कमही किंचित उतरते, आणि माणसाला वाटते की भार हलका होतो आहे. प्रत्यक्षात कार्डाने एकही नवी खरेदी न करता केवळ किमान रक्कम भरत राहिलात, तर पाच वर्षांनंतरही निम्म्याहून थोडी जास्त थकबाकी शिल्लक असेल. नवी खरेदी केलीत तर परिस्थिती आणखी वाईट, कारण मागील बाकी पूर्ण भरलेली नसताना बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि किराण्याच्या पाचशे रुपयांवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. हे दर कायद्याने खाली येतील अशी आशाही ठेवू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांची जी मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली.

आता पीएफचा हिशेब. 2024-25 साठी पीएफचा व्याजदर 8.25 टक्के होता. एका बाजूला कार्डाचे महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला 42 टक्के आणि वर कर, दुसऱ्या बाजूला सव्वाआठ टक्के. मग सव्वाआठवाले पैसे काढून बेचाळीसवाले कर्ज फेडणे हेच शहाणपणाचे, असे कोणीही म्हणेल. तुमच्या मित्रांनीही तेच सांगितले असणार. ही आकडेमोड बरोबर आहे, पण तुलना चुकीच्या दोन गोष्टींची आहे. पीएफ काढला नाही तर कार्डाचे 42 टक्के भरत बसावे लागेल, असे त्यात गृहीत धरलेले आहे. तुमच्यासारख्या सतरा वर्षे एकाच ठिकाणी टिकलेल्या पगारदाराला 11 ते 14 टक्क्यांचे कर्ज मिळण्याची शक्यता चांगली असते. म्हणजे पीएफ न काढण्याची खरी किंमत 42 वजा सव्वाआठ नसून, 13 वजा सव्वाआठ अशी साडेचार-पाच टक्के आहे, आणि तीही तीनच वर्षे मोजायची आहे.

आकड्यांत सांगतो. 3 लाख 80 हजारांचे कर्ज 13 टक्क्यांनी 36 महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 12,800 रुपये बसतो. तुम्ही आज भरत असलेल्या किमान रकमेपेक्षा हा सहा हजारांनी कमी आहे, आणि तीन वर्षांनी तो संपतो. एकूण व्याज सुमारे 81 हजार जाते. आज भरता तेवढेच 19 हजार भरत राहिलात तर दोन वर्षांच्या आतच कर्ज फिटते. उलट हीच रक्कम पीएफमधून काढली नाही आणि व्याजदर आहे तसाच राहिला, तर वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत तिचे सुमारे 9 लाख 80 हजार होतील. 81 हजार वाचवण्यासाठी इतकी रक्कम मोडावी असे मला वाटत नाही. यावर कोणी म्हणेल की पीएफ काढून कार्ड फेडले की वाचलेला हप्ता दरमहा गुंतवता येतो, मग नुकसान कुठे? कागदावर हे खरे आहे. पण पगारातून कापला जाणारा हप्ता भरला जातोच, आणि स्वतःच्या मर्जीने बाजूला टाकायचे पैसे शाळेची फी, घराची गळती आणि भाचीचे लग्न यांतून क्वचितच शिल्लक राहतात. पगारपत्रके रोज पाहणाऱ्याचे हे मत आहे.

कर्जासाठी पहिला शब्द कंपनीच्या कर्मचारी पतसंस्थेकडे टाका. नागपूर परिसरातील बऱ्याच जुन्या कारखान्यांत आणि बहुतेक सरकारी-निमसरकारी कार्यालयांत अशी पगारदारांची संस्था असते. तुम्ही सभासद नसाल तर आधी संस्थेचे भाग (शेअर) घेऊन सभासद व्हावे लागेल. संस्थेच्या पोटनियमांनुसार काही ठिकाणी ठरावीक काळ थांबावेही लागते. दोन जामीनदार सभासदांतूनच लागतात, आणि खरी अडचण इथेच येते, कारण जामीन मागायचा म्हणजे कार्डाची गोष्ट सोबत्यांना सांगावी लागते. संकोच सोडून सांगा. हप्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 49 प्रमाणे थेट पगारातून कापला जातो. त्यामुळे संस्था तुमच्या सिबिल स्कोअरपेक्षा नोकरी आणि आधीच्या कपाती पाहते. कर्ज मंजूर होताना भागभांडवलापोटी काही रक्कम कापून उरलेली हातात देतात, तेव्हा अर्ज करतानाच तेवढी वाढवून मागा, नाहीतर कार्डावर दहा-पंधरा हजारांची शेपटी उरते आणि पुन्हा त्यावर व्याज सुरू होते.

पतसंस्था नसेल तर पगाराचे खाते असलेल्या बँकेत वैयक्तिक कर्ज मागा. तेही जमले नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेला थकबाकीचे हप्ते पाडून मागा. दर पतसंस्थेपेक्षा जास्त असतो, प्रक्रिया शुल्क आणि व्याजावर जीएसटी लागतो, तरी 42 टक्क्यांपेक्षा पुष्कळ बरा. घरात मुदत ठेव असेल तर ती आधी मोडा. सात टक्क्यांची ठेव जपून 42 टक्के भरण्यात काही अर्थ नाही. पीपीएफ खाते सहा आर्थिक वर्षांहून जुने असेल तर त्यातून अंशतः रक्कम काढता येते, आणि तिसऱ्या ते सहाव्या वर्षात असेल तर त्यावर कर्ज मिळते. सोने इतवारीत नेऊन विकण्यापेक्षा बँकेत तारण ठेवणे स्वस्त आणि परतीचे आहे. मात्र वर्षाअखेरीस एकरकमी फेडायच्या योजनेऐवजी मासिक हप्त्याची योजना घ्या, नाहीतर दरवर्षी नूतनीकरण करत दागिने तिथेच राहतात.

पीएफ राखून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते व्याजाच्या हिशेबात दिसत नाही. क्रेडिट कार्डाचे कर्ज विनातारण असते. भविष्य निधी कायदा, 1952 च्या कलम 10 नुसार तुमच्या पीएफ खात्यातील रकमेवर कोणत्याही न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जप्ती आणता येत नाही. वसुलीवाले फोनवर काहीही म्हणोत, पीएफपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. तुमच्या सगळ्या मालमत्तेत इतके सुरक्षित दुसरे काही नसेल, आणि तेच सर्वांत आधी मोडून, ज्यावर बँकेकडे कसलेही तारण नाही असे कर्ज फेडायचे, हा क्रम मला उलटा वाटतो. याचा अर्थ कर्ज बुडवा असा नाही. एक सावधगिरी मात्र घ्या: ज्या बँकेचे कार्ड थकले आहे त्याच बँकेत पगाराचे खाते असेल, तर करारातील अटींनुसार बँक त्या खात्यातून थकबाकी वळती करून घेऊ शकते. महिन्याच्या एक तारखेला खाते रिकामे सापडू नये म्हणून त्या बँकेशी आधीच बोलून घ्या. फोनचा जाच होत असेल तर, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, हे लक्षात ठेवा. बँकेकडे लेखी तक्रार करा आणि 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यासाठी संविधान चौकातील कार्यालयात खेटे घालण्याची गरज नाही, तक्रार ऑनलाइन होते.

इतके करूनही कुठेच कर्ज मिळाले नाही, तर पीएफ काढण्याला माझा विरोध नाही. सिबिल आधीच खराब झालेले, जामीनदार मिळत नाहीत, महिन्याला 15 हजार नुसते व्याजात जाताहेत, अशा स्थितीत पीएफ जपणे म्हणजे हट्ट होईल. निवृत्तीला वर्ष-दोन वर्षेच उरली असतील तरीही माझे उत्तर बदलेल, कारण तेव्हा हप्ता कापायला पगारच राहत नाही. तुमचे तसे नाही, तुम्हाला अजून बारा वर्षे आहेत.

काढायची वेळ आलीच तर नियम नीट समजून घ्या. फॉर्म 31, म्हणजे नोकरीत असताना पीएफमधून पैसे मागण्याचा अर्ज, त्यातील आगाऊ रकमेसाठी आजारपण, लग्न, शिक्षण, घर अशी ठरावीक कारणे असतात आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी त्यात नाही. म्हणून लोक सरळ आजारपणावर खूण करतात. हे करू नका. खोट्या कारणाने पैसे काढल्यास वसुली होऊ शकते. खरे तर वडील रुग्णालयात होते तेव्हाच आजारपणाची आगाऊ रक्कम मागता आली असती, पण कार्ड खिशात असते आणि फॉर्म आठवत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने तेरा तरतुदी एकत्र करून तीन गट करण्याचा, ‘विशेष परिस्थिती’ या गटात कारण न विचारण्याचा आणि खात्यात किमान 25 टक्के शिल्लक ठेवण्याचा निर्णय घेतला. ‘आता पीएफ कारण न देता निघतो’ असे तुम्ही ऐकले असेल, ते यावरूनच. दावा भराल त्या दिवशी पोर्टलवर जो पर्याय दिसेल तोच वापरा. पाच वर्षांहून अधिक सलग नोकरी असल्याने तुम्हाला या रकमेवर प्राप्तिकर लागणार नाही.

दावा नाकारला जाण्याचे कारण बहुतेक वेळा अगदी किरकोळ असते. आधारवर ‘भाऊराव’ आणि पॅनवर नुसते ‘भाऊ’, किंवा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही. हे सगळे पैशांची निकड नसताना तपासून ठेवा, म्हणजे ऐन वेळी रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात चकरा होणार नाहीत.

तडजोडीचा प्रस्ताव, म्हणजे ‘अडीच लाख भरा, बाकी माफ’, आला तर मोहात पडू नका. सिबिल अहवालात खाते ‘सेटल्ड’ म्हणून नोंदवले जाते आणि पुढे अनेक वर्षे गृहकर्जाच्या वेळी ते नडते. पीएफ मोडून तडजोड करणे हा तर सर्वांत महाग सौदा, कारण पुंजीही जाते आणि पतही. तुम्ही नियमित हप्ता भरू शकता, तेव्हा पूर्ण रक्कमच भरा. कोणत्याही परिस्थितीत वसुली प्रतिनिधीच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही पाठवू नका. पैसे फक्त कार्ड खात्यात जमा करा.

कर्जाचे पैसे हातात आले की दोन्ही कार्डांच्या बँकांकडून बंद करण्याची नेमकी रक्कम लेखी मागवा. स्टेटमेंटवरची ‘एकूण देय’ भरून भागत नाही, कारण स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येते. कार्ड फिटले म्हणून तो कागद कोणी उघडत नाही आणि सात-आठशे रुपयांवर उशिराचे शुल्क चढू लागते. बाकी शून्य झाल्यावर निदान एक कार्ड बंद करण्याचा अर्ज द्या. बँकेने तो सात कामकाजी दिवसांत पूर्ण करायचा असतो, उशीर केल्यास रोज 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. दुसरे कार्ड ठेवायचेच असेल तर त्याची मर्यादा एका महिन्याच्या पगाराच्या आत आणून घ्या. तीन वर्षांनी शेवटचा हप्ता कापला गेला की त्याच महिन्यात तुमच्या पगार विभागाला तेवढीच रक्कम स्वेच्छा भविष्य निधीत, म्हणजे पीएफमध्येच स्वतःहून जादा, वळवण्याचा अर्ज द्या. त्यावर व्याज पीएफइतकेच मिळते, आणि तुमचे स्वतःचे एकूण योगदान वर्षाला अडीच लाखांच्या आत राहिले तर ते व्याज करमुक्तही असते.